बिफ, कित्मीर आणि शाळेचा मेल

युनिक्स ही संगणकाची जुनी कार्यप्रणाली. तिच्यात ‘बिफ’ नावाची एक आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर ‘बिफ वाय’ असं टाइप करून एंटर दाबलं, की त्यानंतर नवीन ईमेल येताच पडद्यावर वर्दी येते. ‘बिफ एन’ म्हटलं की ती गप्प. नुसतं ‘बिफ’ म्हटलं तर सध्या चालू आहे की बंद, तेवढं सांगते. बस, एवढंच तिचं काम. मोबाईलच्या टिंगटिंगला सरावलेल्या माणसाला यात काय नवल वाटणार? मलाही वाटलं नव्हतं. शाळेच्या जुन्या संगणकासाठी अशाच एका कामाची गरज पडली, म्हणून मी वाचायला घेतलं आणि त्यात रमले.

बिफ हे एका कुत्र्याचं नाव आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात हायडी स्टेट्नर या विद्यार्थिनीचा हा कुत्रा तिच्याबरोबर संगणक विभागात यायचा. सगळ्यांचा लाडका. विभागातल्या फलकावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे फोटो लावलेले असत, त्यांत याचाही फोटो होता म्हणे. जॉन फोडेरारो यांनी १९८० मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला या कुत्र्याचं नाव दिलं. पुढे एक गोष्ट पसरली, की पोस्टमन आला की बिफ भुंकायचा, म्हणून हे नाव. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. स्वतः मालकिणीनेच ती नाकारली आहे. कुत्रा ऑगस्ट १९९३ मध्ये, पंधरा वर्षांचा होऊन वारला. ही मृत्यूची नोंद कुठे आहे ठाऊक आहे? त्या आज्ञेच्या अधिकृत माहितीपानावर. ‘ही आज्ञा अशी वापरावी, तिचे पर्याय असे’ या रुक्ष मजकुराच्या शेवटी कुत्र्याचा मृत्युलेख. मला ते पान फार आवडलं.

आता आमच्याकडे कुत्र्याची गोष्ट जरा नाजूक. ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे लहानपणापासून ऐकत आलेली आम्ही माणसं. दादी तर अंगणात आलेल्या कुत्र्यालाही हातातल्या सुपाने हाकलायची आणि मग त्याच कुत्र्याला मागच्या दारी भाकरीचा तुकडा टाकायची. पण सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांची हकिकत आहे, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्राही आहे. पुढचे पाय पसरून उंबरठ्याशी बसलेला. कुरआनात त्याचं नाव दिलेलं नाही. तफसीरकारांच्या परंपरेत ते ‘कित्मीर’ असं सांगितलं जातं. (हा शब्द कुरआनात दुसऱ्या एका ठिकाणी येतो, पण तिथे त्याचा अर्थ खजुराच्या बीवरचा पातळ पापुद्रा. शिक्षकी सवय, सांगितल्यावाचून राहवत नाही.) आणि गंमत पाहा, दूर जाणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या पत्रांवर ‘कित्मीर’ हे नाव लिहिण्याची चाल मुसलमानांत होती, पत्र वाटेत हरवू नये म्हणून. युरोपातल्या जुन्या अभ्यासकांनी तिची नोंद करून ठेवली आहे. ही चाल दीनमध्ये कितपत बसते यावर आलिम लोक बोलतील, तो माझा प्रांत नाही. मला एवढंच वाटलं, की टपालाच्या राखणीला कुत्रा बसवणारे बर्कलीचे ते विद्यार्थी काही पहिले नव्हते.

बिफ काम कसं करते तेही सांगण्यासारखं आहे. युनिक्समध्ये प्रत्येक गोष्ट म्हणजे एक फाइल. तुम्ही ज्या पडद्यासमोर बसला आहात तोसुद्धा एक फाइलच. प्रत्येक फाइलला परवानग्या असतात: कोणी वाचावं, कोणी लिहावं, कोणी चालवावं. पडद्याची फाइल ‘चालवणं’ याला काही अर्थच नाही, म्हणून ती परवानगीची खूण तशीच रिकामी पडून होती. ‘बिफ वाय’ ती खूण लावते, ‘बिफ एन’ काढते. पलीकडे ‘कॉमसॅट’ नावाचा एक सेवक पडद्याआड जागा असतो. नवीन मेल आला की टपाल पोचवणारा प्रोग्राम त्याच्या कानात सांगतो, अमक्याला पत्र आलंय. कॉमसॅट त्या माणसाच्या पडद्यावरची खूण बघतो. खूण असली तर पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिल्या काही ओळी पडद्यावर उमटवतो. नसली तर गप्प बसतो. ज्याचा पडदा त्याची परवानगी. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या बारक्या प्रोग्रामात ही अदब होती. आज माझ्या फोनवर कुठलंही नवीन ॲप टाकलं की ते कुठल्या कुठल्या कारणाने मला हाक मारणार, याची यादी ते स्वतःच ठरवून येतं, आणि ती एकेक करून बंद करत बसायचं काम माझं.

दोष बिफमध्येही होता. वर्दी यायची ती तुम्ही जे लिहीत असाल त्याच्या मधोमध. पत्राच्या ओळीवर दुसऱ्या पत्राच्या ओळी. आणखी एक मोठा दोष: कॉमसॅटला जो निरोप जातो तो पोचला की नाही, याची कोणी खातरजमा करत नाही. वाटेत निसटला तर निसटला. मेल डब्यात येऊन पडलेला असतो आणि पडदा शांत असतो.

या शांततेविषयी मला थोडं अधिक सांगायचं आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. घरटी एक माणूस आखातात. अब्बा कुवेतला एका गॅरेजमध्ये होते. लाल-निळ्या किनारीचं पाकीट दहाबारा दिवसांनी यायचं. पोस्टमन दुपारी यायचा, जुहरनंतर, आणि तो वळणावर दिसला की आळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. आमच्याकडे पत्र वाचायचं काम माझं. उर्दू वाचता येणारी घरातली मी एकटी, वय दहा वर्षांचं. अब्बांच्या शिकस्ता वळणाच्या अक्षराने मला शाळेतल्या किताबांपेक्षा जास्त उर्दू शिकवली. ‘खैरियत’ हा शब्द पहिल्या ओळीत आला की अम्मीचे खांदे खाली यायचे, मग पुढचं पत्र ती निवांत ऐकायची.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि टपाल थांबलं. पोस्टमन यायचा, पण आमच्या आळीपुरता रिकाम्या हाताने. पहिले काही दिवस तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणायचा. नंतर तो आमच्या आळीकडे बघायचंच टाळू लागला. पत्र येत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? टपालाची वाट तुटली आहे, की लिहिणारा माणूस राहिला नाही? शांतता दोन्हींची एकसारखीच असते. रात्री मशिदीजवळच्या एका घरात बीबीसी उर्दूचं ‘सैरबीन’ लागायचं आणि पुरुष मंडळी रेडिओभोवती बसायची. तिथून घरी आलेला चाचा काय सांगतो ते अम्मी त्याचे शब्द ऐकून नाही, चेहरा बघून ठरवायची. पुढे बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी लोक मुंबईला येऊ लागले. सुमारे १ लाख ७० हजार माणसं अशी आणली गेली. त्यांत अब्बा होते. नाक्यावरच्या दुकानात फोन आला आणि दुकानदाराचा मुलगा पळत आला. अब्बा घरी पोचल्यावर बऱ्याच दिवसांनी पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. जुलैच्या अखेरीस लिहिलेलं. इथे सगळी खैरियत आहे, असं त्यात होतं. अब्बांनी ते स्वतः वाचलं आणि काही न बोलता कपाटात ठेवून दिलं.

तर शाळेकडे येते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. शाळेचा एक ईमेल पत्ता आहे. त्यावर दिवसाला कितीतरी मेल येतात: परिपत्रकं, प्रकाशकांच्या जाहिराती, कुठल्या कुठल्या स्पर्धांची निमंत्रणं, फर्निचरवाले, सीसीटीव्हीवाले. त्या गर्दीतच अधूनमधून एक मेल येतो, की अमुक विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी आहे, दुरुस्त करून अमुक तारखेच्या आत परत पाठवा. मुदत थोडी असते.

या त्रुटी बहुतेक नावाच्या असतात. त्याचं कारण मुलींच्या किंवा त्यांच्या आईबापांच्या गाफीलपणात नाही, लिपीत आहे. उर्दूत लहान स्वर लिहीत नाहीत. जेर, जबर, पेश मनाने समजून घ्यायचे. ‘फातिमा’ उर्दूत एकाच तऱ्हेने लिहिलं जातं, पण बोलताना कोणी फातिमा म्हणतं, कोणी फातेमा, कोणी फातमा. जन्माच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीत मराठीत एक लिहिलं गेलं, आधार काढताना ऑपरेटरने ऐकून इंग्रजीत दुसरं टाइप केलं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मुलांच्या नावात मोहम्मद, मुहम्मद, मोहमद, आणि कुठे नुसतंच ‘एमडी’. बापाच्या नावापुढे शेख कधी आधी, कधी शेवटी, कधी गायब. उर्दूत माणूस एकच. संगणकाच्या दृष्टीने तीन माणसं, आणि तीन माणसांना मिळून एक शिष्यवृत्ती देता येत नाही. दुरुस्तीसाठी मग प्रतिज्ञापत्र, दाखल्याची नवी प्रत, बापाची एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला खेप. म्हणजे मुदतीतला एकेक दिवस मोलाचा. मेल पहिल्या दिवशी दिसला तर हे सगळं होतं. सहाव्या दिवशी दिसला तर होत नाही.

‘मॅडम, मेल फोनवर घ्या ना,’ असं सगळे सांगतात. घेता येतो. पण तास चालू असताना माझा फोन पर्समध्ये बंद असतो आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे. शिवाय शाळेचा मेल एका माणसाच्या फोनवर का असावा? माणूस रजेवर जातो, त्याची बदली होते, फोन खाडीत पडतो. (हे आमच्या स्टाफरूममध्ये खरोखर घडलेलं आहे.) शाळेची हाक शाळेतच वाजावी.

म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो पुण्यात संगणकाचं काम करतो. दहावीला त्याला मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घावरून मी फार छळलं होतं. तो म्हणाला, ‘मॅडम, शाळेतलं ते जुनं मशीन अजून आहे ना? त्यावर लिनक्स टाकून देतो. बाकी पंधरा ओळींचं काम आहे.’ ईदला गावी आला तेव्हा अर्धा दिवस बसला, आणि त्या पंधरा ओळी त्याने मला टाइप करायला लावल्या. एक स्वल्पविराम चुकला की सगळं अडतं. मला त्यात काहीच नवीन वाटलं नाही. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हा न्याय पटतो. मुलं मात्र पटवून घेत नाहीत.

मूळ बिफ इथे चालत नाही, कारण ती मेल त्याच संगणकावर येऊन पडतो असं धरून चालते. आमचा मेल दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. म्हणून ‘कर्ल’ नावाचं दुसरं साधन. ते दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडे जाऊन एकच प्रश्न विचारतं: न वाचलेल्या मेलमध्ये अमक्या पत्त्यावरून आलेला काही आहे का? आयमॅप या पद्धतीत असा शोध घेता येतो, आणि नुसता शोध घेतल्याने मेल ‘वाचलेला’ ठरत नाही. ही गोष्ट महत्त्वाची. लिपिक दादांना तो नंतरही ठळक अक्षरांतच दिसतो. उत्तरात काही आलं की संगणक घंटा वाजवतो. पासवर्ड खात्याचा खरा पासवर्ड नव्हे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून जीमेलकडून सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घेतला आहे, तो एका फाइलमध्ये, आणि ती फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही अशी परवानगी लावून. तो वेगळा पासवर्ड हवा तेव्हा रद्द करता येतो, खात्याला धक्का लागत नाही.

दर दहा मिनिटांनी जाऊन विचारण्यापेक्षा सर्व्हरनेच हाक मारावी, अशीही सोय आहे. १९९७ पासूनची. तिला ‘आयडल’ म्हणतात: जोडणी उघडी ठेवून नुसतं बसून राहायचं, काही आलं की पलीकडून सांगतात. पण उघडी जोडणी सर्व्हर कधीतरी तोडतो, म्हणून एकोणतीस मिनिटांच्या आत ‘मी आहे’ म्हणून पुन्हा सांगावं लागतं. आमच्या गावात पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही इतक्या वेळा जातात, की तो भरवशाचा कारभार नव्हे. आम्ही पोस्टात जाऊन विचारून येणारे बरे.

घंटेविषयी विद्यार्थ्याशी माझा वाद झाला. त्याचं म्हणणं, मेल आला की एकदा वाजेल. मी म्हटलं, एकदा वाजली आणि स्टाफरूममध्ये कोणी नसलं तर? शोध न वाचलेल्या मेलचाच असल्यामुळे ते सोपं निघालं. कोणी मेल उघडेपर्यंत ती दर दहा मिनिटांनी वाजते, आणि जो उघडेल त्याने फळ्यावर मुलीचं नाव आणि शेवटची तारीख लिहायची असा नियम केला. मग मी दुसरं विचारलं: नेट गेलं असेल तर? तो म्हणाला, ‘तर काही वाजणार नाही.’ म्हटलं, ते मला चालणार नाही. मेल नाही म्हणून शांत आणि वाट तुटली म्हणून शांत, हे दोन वेगळे ऐकू आले पाहिजेत. त्याला आधी हट्ट वाटला. कुवेतचं मी त्याला सांगितलं नाही. त्याने दोन ओळी वाढवल्या. सर्व्हरशी बोलणंच झालं नाही तर वेगळा, जाडा आवाज येतो. आणि रोज शाळा भरताना एक छोटी टुण्ण, काही नसलं तरी. आहे, जागी आहे, एवढंच सांगणारी. वीज जाऊन आली आणि कोणी मशीन सुरू केलं नाही तर सकाळी टुण्ण होत नाही, आणि शिपाई मामा स्वतःहून येऊन सांगतात, ‘मॅडम, तुमचा कुत्रा आज भुंकला नाही.’ बिफची गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली होती, त्याचा हा परिणाम.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी आठवीच्या वर्गात ‘समास’ चालू असताना घंटा वाजली. स्टाफरूम शेजारीच. मुलींनी माझ्याकडे पाहिलं, मी समास सोडवत राहिले. दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या वेळेच्या आत गणिताच्या सरांनी मेल उघडला होता आणि फळ्यावर नाव लिहिलं होतं. दहावीतली मुलगी. आधारवर बापाचं नाव एका ‘ई’ने वेगळं. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, तर ती आधी घाबरली, मग म्हणाली, ‘मॅडम, अब्बू तर बोटीवर गेलेत, शुक्रवारी येतील.’ मच्छीमारीच्या बोटीवर फोन कधी लागतो, कधी नाही. मुदत सोमवारपर्यंत. शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज झाल्यावर बाप सरळ शाळेत आला, अंगाला अजून मासळीचा वास. तहसील बंद व्हायच्या आत सर त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर घेऊन गेले. शनिवारी अर्ज परत गेला. मंजूर झाला की नाही हे मी लिहिते आहे तोवर कळलेलं नाही. पण त्रुटीचा दुसरा मेल आलेला नाही, आणि सकाळची टुण्ण रोज होते आहे, म्हणजे ही शांतता खरी आहे.

सध्या घंटेच्या यादीत चार पत्ते आहेत. पगारबिलाचा पाचवा टाका, असा स्टाफरूममध्ये आग्रह चालू आहे. मुख्याध्यापकांना सहलीच्या बसवाल्याचाही हवा आहे. पगाराचं मी कबूल केलं आहे. बसवाल्याला नाही म्हटलं.